व्हॉल्यूम २५ च्या वर आवाज फाटतो, गायिकेचा स्वर टोचतो : १३ बँडचा इक्वलायझर कसा लावायचा?

पारोळा_एरंडोल

राम राम मंडळी. रोजची धाव धुळे ते जळगाव, सुरत–नागपूर महामार्गावरून. गाडी छोटी हॅचबॅक. सामान असं आहे :

टेप टचचा, १३ बँडचा इक्वलायझर (सुरांच्या १३ पट्ट्या वेगवेगळ्या कमी-जास्त करायची सोय), प्रत्येक पट्टी +१२ ते −१२ डेसिबल. व्हॉल्यूम ० ते ४०. पुढच्या दारांत साडेसहा इंची कंपोनंट (जाड सुरांचा वूफर वेगळा, बारीक सुरांचा ट्वीटर वेगळा), ट्वीटर काचेच्या बाजूच्या खांबावर. मागे ट्रेवर ६ बाय ९ इंची लंबगोल स्पीकर. पुढचे-मागचे चारही टेपवरच चालतात, वेगळा अँप नाही. डाव्या सीटखाली ८ इंची सबवूफर, त्याचा अँप त्याच्यातच.

सध्याचं सेटिंग : ५० हर्ट्झला +६, ८० ला +६, १२५ ला +४, २०० ला +२, मधले सगळे शून्य, ५ किलोहर्ट्झला +३, ८ ला +५, १२.५ ला +६. लाउडनेस (बेस-ट्रेबल आपोआप फुगवणारी सोय) मिडवर. हाय पास (ठराविक हर्ट्झच्या खालचा बेस अडवणारा फिल्टर) बंद.

तक्रार तीन गोष्टींची. २५ च्या वर गेलं की आवाज फाटतो. अहिराणी गाण्यात ढोलकी आणि कीबोर्डचा बेस इतका घुमतो की शब्द कळत नाहीत. आणि जुनी लताबाईंची गाणी लावली की वरचा सूर कानात सुईसारखा जातो. बेस कमी केला की गाणं पातळ वाटतं, ट्रेबल कमी केला की गोधडीखालून ऐकल्यासारखं. कोणते आकडे ठेवू?

---

तापीकाठ

भाऊ, यादीतले आकडे बघा, एकही उणे नाही. अर्धा फाटण्याचा प्रश्न तिथेच आहे.

गाडीच्या टेपवर ५० वॉट गुणिले ४ लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. इंजिन चालू असताना टेपला मिळतात साधारण १४.४ व्होल्ट. आतल्या अँपची रचना कितीही चांगली असली तरी तेवढ्या व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजाचे जास्तीत जास्त २५-२६ वॉट निघू शकतात, प्रत्यक्षात १८ ते २२. इंजिन बंद करून १२.५ व्होल्टवर वाजवलं तर तीच मर्यादा २० च्या खाली येते.

आता डेसिबलचा हिशोब लावा. +३ म्हणजे त्या सुराला दुप्पट वॉट, +६ म्हणजे चौपट, +१० म्हणजे दहापट. तुमच्या २५ व्हॉल्यूमला गाण्याचा बेस ५ वॉट मागत असेल, तर ५० आणि ८० ला +६ दिल्यावर तो २० मागतो. शेजारच्या पट्ट्या एकमेकींवर चढतात आणि लाउडनेस त्यावर आणखी भर घालतो, म्हणजे मागणी २० च्याही पुढे. टेपकडे तेवढे वॉट नाहीत. मग लहरीचा माथा कापला जातो, आणि माथा कापलेल्या लहरीत वरच्या पट्टीतले नको असलेले सूर तयार होतात. ते जातात ट्वीटरला. बेस वाढवल्यामुळे ट्वीटर जळतो तो असा. गायिकेचा आवाजही त्याच अँपमधून जातो, त्यामुळे ढोलकी पडली की त्याच क्षणी तिचा शब्द चिरडला जातो. तुमच्या पहिल्या दोन तक्रारी म्हणजे एकच तक्रार आहे.

म्हणून आज फक्त एवढं करा : सगळ्या १३ पट्ट्या शून्यावर, लाउडनेस बंद, बेस बूस्ट असेल तर बंद, फोनमधला इक्वलायझर बंद. आवाज पातळ लागेल. लागू द्या. दोन दिवस कानाला सवय होऊ द्या आणि खालच्या क्रमाने जा. पट्ट्यांना हात सगळ्यात शेवटी.

पहिलं काम हाय पास. पुढच्या दारांना ८० हर्ट्झ, उतार १२ डेसिबल प्रति ऑक्टेव्ह, म्हणजे हर्ट्झ निम्मे झाले की १२ डेसिबल कमी. मागच्या ६ बाय ९ ला ६३ किंवा ८०. सबवूफरला लो पास (वरचे सूर अडवणारा फिल्टर) ८०, उतार २४ मिळत असेल तर २४. कारण असं की तेवढाच मोठा आवाज एक ऑक्टेव्ह खाली काढायचा तर स्पीकरच्या कोनला (हलणाऱ्या पडद्याला) चौपट आत-बाहेर हलावं लागतं. ८० ला जो कोन १ मिलीमीटर हलतो, त्याला ४० ला तेवढ्याच आवाजासाठी ४ मिलीमीटर हलावं लागेल. साडेसहा इंची दारातल्या स्पीकरकडून ती कामगिरी काढून घेऊ नका, त्यासाठी सीटखाली ८ इंची बसवलेला आहे. हाय पास लावल्या-लावल्या २५ च्या वर दोन-चार पायऱ्या स्वच्छ मिळतील, एकही पट्टी न हलवता.

दुसरं, टेप नेमका कुठे फाटतो ते मोजा. यासाठी साधा दीडशे-दोनशेचा मल्टीमीटर पुरतो. ५० हर्ट्झचा ० डेसिबलचा (फाइलमध्ये बसेल तेवढा पूर्ण मोठा) टेस्ट टोन पेनड्राइव्हवर घ्या. मागच्या एका स्पीकरच्या दोन्ही वायरी काढा, एकमेकींना किंवा बॉडीला टेकणार नाहीत अशा ठेवा. फेडर (पुढे-मागे वाटप) पूर्ण मागे, बॅलन्स (डावं-उजवं वाटप) पूर्ण त्याच बाजूला, म्हणजे बाकीचे स्पीकर गप्प. सबवूफरची लेव्हल शून्य. मागचा हाय पास एवढ्या परीक्षेपुरता बंद. मल्टीमीटर एसी २०० व्होल्टवर, त्या सुट्या दोन वायरींच्या टोकांना लावून. ५० हर्ट्झच का, तर स्वस्त मीटर एसी मोजताना ४० ते ४०० हर्ट्झच्या दरम्यानच खरं बोलतात. इंजिन चालू, गाडी उघड्यावर, बंद शेडमध्ये अजिबात नाही.

आता व्हॉल्यूम एकेक पायरीने वाढवा आणि व्होल्ट लिहून घ्या. ठराविक प्रमाणात आकडा चढत जाईल. साधारण ९ व्होल्टच्या आसपास तो अडखळेल : पायरी चढली, पण व्होल्ट पूर्वीसारखे चढले नाहीत. ती पायरी म्हणजे फाटायला सुरुवात. तिच्या दोन पायऱ्या खाली तुमची कायमची हद्द. ती कागदावर लिहून सनव्हायझरला लावा, कारण पुढे सबवूफरचा गेनही (त्याच्या अँपचा जोर) याच हद्दीवर जुळवायचा आहे.

तिसरं, पोलॅरिटी, म्हणजे धन-ऋण वायरींची जोडणी. एका दारातला स्पीकर उलटा जोडलेला असेल तर बेस आपोआप गायब होतो आणि माणूस ५० ची पट्टी चढवत बसतो. स्पीकरच्या वायरी टेपपासून सोडवा (हे विसरलं तर टेपचा अँप जायचा), मग क्रॉसओव्हरच्या (वूफर-ट्वीटरला सूर वाटून देणाऱ्या डबीच्या) इनपुटला पेन्सिल सेलचे दीड व्होल्ट क्षणभर टेकवा, धनला धन. वूफरचा कोन बाहेर आला तर बरोबर, आत गेला तर उलट. चारही तपासा. सेल थेट ट्वीटरला कधीच लावायचा नाही.

एवढं करून काय निघालं ते इथे लिहा, मग पट्ट्यांचं बोलू.

---

भुसावळ_४५

तापीकाठ यांनी सांगितलेल्या क्रमात माझ्या मते एक पायरी मध्ये हवी, ती म्हणजे दार. दार उघडं असलं की इक्वलायझर कितीही ओढा, बेस येत नाही.

स्पीकरचा कोन पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे तीच हवा ओढतो. दाराच्या आतल्या पत्र्याला काचेच्या मशिनरीसाठी मोठमोठी भोकं असतात, त्यावर कंपनीचा पातळ प्लास्टिकचा कागद. मागची लहर त्या भोकांतून बाहेर येते आणि पुढच्या लहरीला मारते. २०० हर्ट्झच्या खाली हे सर्रास होतं. भोकं बंद केली की ८० ते २०० चा पट्टा भरून येतो, आणि तो मोफत येतो, वॉट खर्च न करता.

करायचं असं. दाराचं पॅनल काढा, प्लास्टिकच्या क्लिपा तुटतात म्हणून दहा-बारा जास्तीच्या आणून ठेवा. बाहेरचा पत्रा आतून आधी कोरड्या, मग थिनरच्या फडक्याने पुसा. आपल्याकडे दारात धुळीचा थर बसलेला असतो, त्यावर काहीही चिकटत नाही. २ मिलीमीटरची ब्यूटाइल (चिकट रबरी) शीट लावा आणि रोलरने दाबा, ॲल्युमिनियमवरची नक्षी सपाट होईपर्यंत. पूर्ण पत्रा मढवायची गरज नाही, सपाट मोकळ्या भागाचा पाव ते निम्मा झाकला की टणटण बंद होते. बोटाच्या पेराने वाजवून बघा : आधी डबा वाजतो, नंतर जाड पुठ्ठा. मग आतल्या पत्र्याची भोकं ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा तुकडा आणि त्यावर ब्यूटाइल अशी बंद करा. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं मात्र उघडी राहिली पाहिजेत, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात दार गंजेल.

आणि खानदेशात हे लक्षात ठेवाच : छपराच्या गळतीसाठी मिळणारी डांबरी पट्टी स्वस्त पडते म्हणून दारात लावू नका. दिसायला दोन्ही सारख्याच, वर चंदेरी, खाली काळं. पण मे महिन्यात इथे सावलीत ४५ जातं, उन्हात उभ्या गाडीच्या दाराचा पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो. डांबर पाघळतं, शीट घसरते, काचेच्या रेलवर येते आणि वास महिनोन् महिने जात नाही. विकत घेताना कोपरा ओढून बघा : ब्यूटाइल च्युइंगगमसारखं ताणलं जातं आणि त्याला डांबराचा वास येत नाही.

स्पीकरखालची रिंग १८ मिलीमीटर मरीन प्लायची, वार्निशचे दोन हात मारून. एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची) रिंग पावसात फुगते, स्क्रू सैल होतात आणि मग जी फडफड ऐकू येते तिला लोक स्पीकर फाटला समजतात. रिंग आणि पत्र्यामध्ये फोमची पट्टी. स्पीकर आणि दाराच्या जाळीमध्येही फोमची गोल कड लावा, म्हणजे आवाज पॅनलच्या आत न फिरता बाहेर येईल.

फडफड शोधायला ४० ते १५० हर्ट्झचा हळू चढणारा टोन लावा आणि एकेका ठिकाणी तळहात दाबा : नंबरप्लेट, मागचा ट्रे, दाराचा खिसा, सीटबेल्टचं बक्कल. हात दाबल्यावर जिथे आवाज थांबेल तिथे फोम. ही फडफड १२५ ची पट्टी खाली ओढूनही थोडी कमी होते, पण त्यात ढोलकीही जाते.

आणखी एक, ट्यूनिंग कोणत्या वेळी करता याला महत्त्व आहे. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २५ अंशाला ३.६ ओहम असलेली कॉइल ७० अंशाला सव्वाचार ओहमच्या जवळ जाते, म्हणजे तेवढ्याच व्होल्टला दीड डेसिबलच्या आसपास आवाज कमी. हे थोडंच, पण कोनची रबरी कड आणि त्याला मागून धरणारी जाळीही उन्हात ढिली पडते आणि बेसचा पोत बदलतो. दुपारी दोनला उन्हातून आणलेल्या गाडीत जे सेट कराल ते रात्री वेगळं वाजेल. गाडी सावलीत, एसीने गार करून घ्या, मग एसीचा पंखा बंद, काचा वर, आणि मग ऐका.

---

नंदुरबार_ट्वीटर

गाणं येतं कुठून तेही बघा भाऊ, ते कुणी विचारलंच नाही.

मोबाइलच्या दुकानातून हजार गाणी भरून मिळतात त्यातली बरीच १२८ केबीपीएसची असतात (हा आकडा जितका कमी, तितकी फाइल जास्त दाबलेली). त्या एमपी३ मध्ये १६ किलोहर्ट्झच्या वर साधारण काही ठेवलेलंच नसतं, आणि त्याच्या खालीही झांज, टाळ, खुळखुळ्याचा आवाज पाण्यात बुडवल्यासारखा झालेला असतो. १२.५ ला +६ दिल्याने गेलेला सूर परत येत नाही, फक्त तो पाणचट आवाज मोठा होतो. ३२० ची किंवा फ्लॅकची (आवाज न बिघडवता साठवलेली) चार गाणी पेनड्राइव्हवर घ्या आणि सेटिंग त्यांच्यावर करा. वाईट फाइलवर केलेलं सेटिंग चांगल्या फाइलला त्रास देतं.

ब्लूटूथ असेल तर फोनचा व्हॉल्यूम पूर्ण, कमी-जास्त टेपवरून. ऑक्सची वायर असेल तर फोन ८०-९० टक्क्यांवर. ॲपमधलं स्ट्रीमिंग सर्वांत वरच्या दर्जावर, फोनमधले डॉल्बी वगैरे सगळे इफेक्ट बंद. अहिराणीची नवी गाणी मुळातच बेस फुगवून, आवाज दाबून मोठा करून मिक्स केलेली असतात. त्यावर +६ म्हणजे मिरचीच्या ठेच्यावर पुन्हा तिखट. गाडी पारखायला त्यांतलं एक, एखादं साधं तबला-पेटीचं भजन आणि एक जुनं बाईच्या आवाजातलं, असा तिघांचा संच ठेवा.

---

पारोळा_एरंडोल

सगळ्यांचे आभार. क्रमाने केलं, निकाल देतो.

सगळं शून्यावर, लाउडनेस बंद, हाय पास पुढे ८०, मागे ६३. मल्टीमीटरवर ३२ ला ९.१ व्होल्ट, ३३ ला ९.३, त्याच्या आधी प्रत्येक पायरीला पाऊण-एक व्होल्ट चढत होता. म्हणजे हद्द ३१ धरली. पोलॅरिटीत मागचा उजवा उलटा निघाला, सरळ केला. दारांचं काम अजून बाकी.

आता ३१ पर्यंत फाटत नाही. पण दोन गोष्टी राहिल्यात. पुरुषाचा आवाज पोकळ लागतो, अंगच नाही त्याला. पिंक नॉइज (सगळे सूर एकत्र असलेला तपासणीचा खळखळाट) लावून फोनच्या ॲपवर पाहिलं तर ३१५ ते ५०० च्या मध्ये खड्डा दिसतो. ३१५ आणि ५०० दोन्हींना +४ दिलं, खड्डा तसाच. आणि वरचा सूर अजून टोचतो, पहिल्यापेक्षा कमी.

---

तापीकाठ

३३ ला अडखळला आणि हद्द ३१ धरली, अगदी बरोबर.

तो खड्डा पट्टीने भरणार नाही, त्या दोन्ही पट्ट्या परत शून्यावर आणा. बॅलन्स पूर्ण डावीकडे करून ३१५–५०० बघा, मग पूर्ण उजवीकडे. एकेकटा वाजताना खड्डा नाही आणि दोघं मिळून वाजताना आहे, असं असेल तर तो अंतराचा खड्डा आहे. गाडी उजव्या स्टिअरिंगची, तुम्ही उजव्या दाराजवळ बसलात. उजव्या वूफरपासून कान समजा ९० सेंटीमीटर, डाव्यापासून १३५. फरक ४५. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, तेव्हा ज्या सुराची अर्धी लांबी ४५ सेंटीमीटर आहे, म्हणजे सुमारे ३८० हर्ट्झ, तो डावीकडून नेमका उलटा होऊन पोचतो आणि उजवीकडच्याला पुसून टाकतो. पट्टी चढवली की दोन्ही बाजू सारख्याच चढतात आणि सारख्याच एकमेकांना मारतात. वॉट मात्र जळतात. पुरुषाच्या आवाजाचं अंग याच पट्ट्यात असतं, म्हणून तो पोकळ.

औषध टाइम अलाइनमेंट, म्हणजे जवळच्या स्पीकरला थोडा उशीर देऊन सगळ्यांचा आवाज एकाच वेळी कानाशी आणणं. मेजरिंग टेप घ्या, डोकं सीटला टेकवा, दोन्ही कानांच्या मधल्या बिंदूपासून प्रत्येक स्पीकरच्या मध्यापर्यंत मोजा. गाडीचा टेप सेंटीमीटर मागत असेल तर आहे ते अंतर भरा, उशीर किती द्यायचा ते तो स्वतः काढतो. मिलिसेकंद मागत असेल तर सगळ्यात दूरच्या स्पीकरला शून्य, आणि बाकीच्यांना जितके सेंटीमीटर जवळ तितके गुणिले ०.०२९. ४५ सेंटीमीटरला १.३१ मिलिसेकंद. कंपोनंटचा ट्वीटर आणि वूफर एकाच चॅनेलवर असल्याने दोघांना वेगळा उशीर देता येत नाही, तिथे वूफरचं अंतर धरा.

भरल्यावर तपासायला एकट्या माणसाचं बोलणं लावा, बातम्यासुद्धा चालतील. आवाज डॅशबोर्डच्या मध्याजवळ, समोरून आला पाहिजे. उजवीकडे झुकला तर उजवं अंतर अडीच-अडीच सेंटीमीटरने कमी करत जा. शेजारच्या सीटवरून मात्र हे वाईट लागेल, ती किंमत आहे. म्हणून एक मेमरी (टेपमध्ये साठवलेलं सेटिंग) ड्रायव्हरची, एक सगळ्यांची, ज्यात अलाइनमेंट बंद.

फोनच्या ॲपबद्दल सावध : फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, १०० च्या खाली तो बहुधा कमी दाखवतो आणि काही फोन आवाज आपोआप दाबतात. २०० ते ५ किलोहर्ट्झमधले खड्डे-उंचवटे शोधायला तो ठीक, बेस ठरवायला नाही. यूएसबीचा मोजणीचा माइक आणि लॅपटॉपवर रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर मिळालं तर काम फत्ते. कुठलाही माइक असो, एका जागी धरू नका. डोक्याच्या जागेभोवती वीतभर फिरवत ३० सेकंदांची सरासरी घ्या.

आता पट्ट्या. एक पट्टी +६ वर न्या, ऐका, परत आणा, पुढची घ्या. जिथे चढवल्यावर सगळ्यात ओंगळ वाटतं तिथे मुळातच जास्त आहे, तिथे २ ते ४ कापा. कानाला काय ऐकू येतं ते असं ओळखा : ढोलकीची घुमी, डग्ग्याचं भरलेपण ८० ते १२५. आवाज रांजणातून आल्यासारखा २०० ते ३१५. नाकातून आल्यासारखा ८०० हर्ट्झ ते १.२५ किलोहर्ट्झ. सनई आणि बाईचा वरचा सूर टोचतो तो २ ते ३.१५, माणसाचा कान तिथेच सगळ्यात तिखट असतो, आणि तुमचे ट्वीटर खांबावर, कानाच्या अगदी समोर. ‘स’, ‘श’, ‘च’ सुटतात ते ५ ते ८. झांजेची चकाकी १२.५.

तुमच्या सामानासाठी मी इथून सुरुवात केली असती : ५० ला ०, ८० ला ०, १२५ ला −३, २०० ला −२, ३१५ आणि ५०० ला ०, ८०० ला −१, १.२५ ला ०, २ ला −१, ३.१५ ला −३, ५ ला −१, ८ ला ०, १२.५ ला +१. बेरजेत सगळं उणे. एकूण आवाज कमी वाटला तर व्हॉल्यूम एक पायरी वर, हद्दीच्या आत. दारांचं काम झाल्यावर १२५–२०० पुन्हा ऐका, तिथला आकडा नक्की बदलेल.

बेसची भूक पट्टीने भागवू नका, सबवूफरच्या लेव्हलने भागवा. त्याच्याकडे स्वतःचा अँप आहे, त्याने पुढच्या स्पीकरांचे वॉट खाल्ले जात नाहीत.

---

धुळे_सहा_बाय_नऊ

एका मुद्द्यावर तापीकाठ यांच्याशी थोडा मतभेद आहे. ५० आणि ८० दोन्ही शून्य, हे उभ्या गाडीत बरोबर. धुळे–जळगाव ८० च्या वेगात नाही. टायर आणि वाऱ्याचा आवाज २०० च्या खाली सगळ्यात जास्त असतो, तो नेमका बेस गिळतो. शिवाय टायरचा एक सूर १ किलोहर्ट्झच्या आसपास असतो, तो शब्द खातो. म्हणून दुसरी मेमरी हायवेची हवीच : सबवूफर ३ डेसिबल वर, ८०० ला दिलेलं −१ काढून शून्य, बाकी तेच. गाडी धुळ्यात शिरली की पहिल्या मेमरीवर या, नाहीतर सिग्नलला उभं राहिल्यावर घुमी डोक्यात जाते.

आणि मागचे ६ बाय ९ तुम्ही पुढच्याइतकेच वाजवत असाल. फेडर पुढे घ्या, मागचे पुढच्यापेक्षा ४ ते ६ डेसिबल कमी. गायक समोर बसलेला असतो, मागून त्याचा आवाज आला की अलाइनमेंटचं सगळं काम विस्कटतं. मागे माणसं बसली तर फेडर मधोमध. ट्रे पातळ फायबरचा असेल तर त्याखाली १२ मिलीमीटर प्लायची पूर्ण पाटी टाका. ट्रे स्वतःच कोनसारखा हलत असेल तर ६ बाय ९ चा निम्मा बेस तिथेच जातो.

---

पारोळा_एरंडोल

अंतरं भरली. उजवा ८८, डावा १३२. पोकळपणा जवळजवळ गेला, आवाज आरशाच्या खालून येतोय. ३.१५ ला −३ दिल्यावर लताबाई ऐकवल्या जातात, ८ पूर्वीसारखा चढवायची गरजच वाटली नाही.

आता एकच : सबवूफरवर फेजचं (लहर सरळ की उलटी ते ठरवणारं) बटण आहे, ० आणि १८०, आणि गेनचा नॉब. सीटखालून बेस वेगळा, मागे राहिल्यासारखा येतो. अंतर भरलंय १०५.

---

तापीकाठ

सीटखालच्या सबवूफरचं मोजलेलं अंतर बहुधा पुरत नाही. त्याचा लो पास फिल्टर स्वतःचा उशीर घालतो, म्हणून आवाज टेप समजतो त्यापेक्षा उशिरा येतो. तो दूर आहे असं टेपला सांगायचं.

८० हर्ट्झचा टोन लावा, पुढचे स्पीकर आणि सबवूफर दोन्ही चालू, मागचे बंद. ड्रायव्हरच्या सीटवर बसून शेजाऱ्याला फेजचं बटण बदलायला सांगा. ज्या बाजूला ८० मोठा ऐकू येतो ती बरोबर. मग अंतर १०५ वरून १० च्या पायरीने १८० पर्यंत वाढवत न्या आणि तोच टोन ऐकत राहा. जिथे सगळ्यात मोठा लागेल तिथे थांबा, नंतर अडीचच्या पायरीने मागे-पुढे. दोन जागी सारखाच मोठा वाटला तर कमी अंतराची जागा घ्या. यानंतर गाणं लावा : ढोलकीचा ठोका आणि तिची घुमी एकाच वेळी, समोरून आली पाहिजे.

गेन सगळ्यात शेवटी. व्हॉल्यूम ३१ वर, सबवूफरचा गेन शून्य, ओळखीचं बेसचं गाणं. गेन हळू चढवा. बेस सीटखालून येतोय हे कळायला लागलं की तिथून थोडा मागे घ्या. नॉबवर मार्करने खूण करा, कारण गाडी धुणारा पोऱ्या सीटखाली पाइप घालताना तो फिरवतोच. आणि धुताना सीटखाली पाणी जाऊ देऊ नका, त्या सबवूफरचा अँप त्याच्यातच असतो.